लंडन ७२००

गोधडीला टाके घालायचा पांढरा दोरा होता तो. मायच्या डब्यातून न विचारता घेतला म्हणून आधी दोन शब्द ऐकून घ्यावे लागले. मग शाळेतून आणलेला पृथ्वीगोल मी ओट्यावर ठेवला, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबून धरलं आणि दुसरं लंडनपर्यंत ताणलं. सतरा सेंटिमीटर भरले. तोच दोरा विषुववृत्ताभोवती फिरवला तेव्हा चौऱ्याण्णव. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. पाटीवर त्रैराशिक मांडलं आणि बाला सांगितलं, सात हजार दोनशे.

"काय सात हजार दोनशे?"

"किलोमीटर. मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या विमानतळापर्यंत."

"म्हंजी सात हजार दोनशे दगडं," बा म्हणाले आणि गोलाकडं वाकून बघू लागले.

बा म्हणजे माझे वडील. जालना–भोकरदन रस्त्याच्या गँगमध्ये त्यांनी उमर घालवली. खडी फोडली, डांबर ओतलं, आणि दरवर्षी दिवाळीनंतर रस्त्याकडेचे दगड रंगवले. वर हिरवा पट्टा, खाली चुना, चुन्यावर काळ्या रंगात गावाचं नाव आणि आकडा. ते शाळेत कधी गेले नव्हते. त्यांना वाचता येत होतं ते दगडावरचं: जालना, राजूर, भोकरदन, आणि सगळे आकडे. दुसरं कुठलंही अक्षर समोर धरलं की ते माझ्याकडं सरकवायचे. मैलाचे किलोमीटर झाले तेव्हा जुने दगड उपटून नवे रोवायचं कामही त्यांच्याच गँगनं केलं. ते एवढंच सांगायचे, "रस्ता तेवढाच राह्यला, दगडं वाढले." त्या उपटलेल्या दगडांतला एक मुकादमाला विचारून त्यांनी बैलगाडीत घालून हसनाबादला घरी आणला होता. तो आमच्या दारात रोवला होता. संध्याकाळी त्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचं.

मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवत होते. माझा धाकटा भाऊ सरकारी स्कॉलरशिपवर लंडनला शिकायला गेला होता. छप्पन साली बौद्ध झालेल्या आमच्या वस्तीत विमानात बसलेला तो पहिला. त्याच्या पहिल्या पत्रात लिहिलं होतं की सांताक्रूझहून सकाळी सहाला विमान सुटलं, मधे दोन ठिकाणी उतरलं, सगळे मिळून अकरा तास लागले, आणि पोचलो तेव्हा तिथं दुपार होती. बाचा यावर विश्वास बसेना.

"सहाला निघाला अन् दुपारी पोचला. मंग ह्ये अकरा तास कसे?"

मी त्यांना दिवा आणि गोल घेऊन सूर्य समजावून सांगितला. पंधरा अंशाला एक तास. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाताना फुकटचे तास भेटले तर येताना परत द्यावं लागतेत, बराबर?" वर्गातल्या चाळीस पोरांत हे एकालाही सुचलं नव्हतं. मला बाचा फार अभिमान वाटला, पण मी तो दाखवला नाही. मी मास्तरीण होते, बरोबर उत्तराला मान हलवायची एवढीच सवय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुना कालवला. मला खडूनं दगडावर लिहून द्यायला लावलं, आणि त्यावरून काळ्या रंगानं गिरवलं. लंडन ७२००. 'लंडन' काढताना हात अडखळला, आकडे मात्र एका दमात आले. वस्तीतली माणसं बघून गेली. बा मात्र दोन पावलं मागं सरून म्हणाले, "ह्ये एकीकडचं झालं."

"एकीकडचं म्हणजे?"

"गँगमधी अंतर दोनदा मोजतेत, बाई. माणूस लागला तर आधी बोलवायला जावं लागतं, मंग त्यो येतो. दहा दगडावरचा माणूस ईस दगडावर असतो."

घरातही ते मला बाईच म्हणायचे, शाळेतल्या पोरांसारखं.

"बोलवायला कोण जातंय, बा? तार करायची. तार एका मिनिटात जाते."

"तार खांबावर असती. म्या खांब पडलेले पाह्यलेत."

मी हसले. भाऊ पत्रातून, मी समोरून, असं आम्ही दोघांनी त्यांना वर्षभरात बरंच हसून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाची छाती धरली. इतकी वर्षं नाकातोंडातून घेतलेली धूळ आणि डांबराचा धूर. जालन्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, घरी घेऊन जा, महिना जाईल, दोन महिनेही जातील, सांगता येत नाही. मी ते घरी येऊन मायला सांगितलं. ती त्या वेळी ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "लेकराला बोलवून घे."

भावाची शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. आत्ता निघाला तर वर्ष बुडणार, आणि स्कॉलरशिपचं वर्ष पुन्हा मिळत नाही. मी मायला हे सगळं नीट समजावलं. तिला नाही पटलं म्हणून पाटी घेतली. तार पोचायला एक दिवस धरला. तिकीट आणि विमान मिळून एक दिवस. सांताक्रूझहून दादर, दादरहून रात्रीची गाडी, मनमाडला पहाटे छोट्या रुळाच्या गाडीत बदल, मग जालना, मग एसटी. मी एसटी चुकण्याचे चार तासही धरले. एकूण चार दिवस. विमानाचे तर अकरा तासच. जगाच्या त्या टोकावरून येणारा माणूस चार दिवसांत दारात, मग आत्तापासून त्याचा जीव टांगणीला कशाला लावायचा? बाचं जास्त झालं की लगेच तार करू. पत्रांत मी लिहीत राहिले की बाला थोडा खोकला आहे.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," माय म्हणाली. पण पाटीवरच्या आकड्यांपुढं तिचं चालत नव्हतं. आमच्या घरात शिकलेल्याच्या शब्दाला फार किंमत होती. ती किंमत बानंच लावून दिली होती.

बाला विचारलं नाही.  एकदा त्यांनीच दारातल्या दगडाकडं बघून विचारलं, "परीक्षा कव्हा हाये त्याची?" मी तारीख सांगितली. "मंग होऊ दे," म्हणाले. मी ते मायला लगेच जाऊन ऐकवलं, माझीच सरशी झाल्यासारखं.

परीक्षा सुरू व्हायला चार दिवस होते त्या सोमवारी सकाळी बाच्या घशाखाली पाणी उतरेना. मी वहीच्या पानावर तारेचा मजकूर लिहिला. फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली. गावच्या पोस्टात तारेची सोय नव्हती. बाच्या गँगमधले जोडीदार, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, तो कागद टोपीत घालून सायकलवर भोकरदनला गेले. दुपारी तिथून निरोप आला. आदल्या रात्रीच्या वादळात दोन खांब पडले होते, लाइन बंद होती. चाचा तिथूनच जालन्याला गेले आणि मंगळवारी संध्याकाळी परत आले.

"गई तार, बेटा. बिलकुल बराबर गई. मेरे सामने ठोका उसने."

खांबांचं मी बाला सांगितलं नाही. माझ्या वेळापत्रकात एक दिवस पुढं सरकवला, एवढंच केलं. पाटीवर आधीचा सोमवार पुसून मंगळवार लिहिला.

बुधवारी बानं विचारलं, "बोलावणं पोचलं का?"

"पोचलं," मी म्हणाले.

मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पाटीवर बुधवारी पोचायचं होतं म्हणून मी पोचलं म्हणाले. आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मला खरंच वाटायला लागलं की पोचलं असणार. त्या दिवसांचं मला दुःख फारसं आठवत नाही, हे सांगायला लाज वाटते. मला वेळापत्रक आठवतं. मी बाच्या अंगाखालचं फडकं बदलत होते, कापसानं ओठ ओले करत होते, शाळेतून रजा घेतली होती, आणि डोक्यात फक्त गाड्यांच्या वेळा चालल्या होत्या. आत सगळं बधिर होतं. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं.

येणारं जाणारं माणूस विचारायचं, "आता कुठवर आला असंल?" मी सांगायचे. गुरुवारी सकाळी: विमानात. गुरुवारी संध्याकाळी: सांताक्रूझला उतरला असेल, आता दादर. अंधार पडल्यावर: गाडीत बसला असेल. माणसं मान हलवून बाजूच्याला सांगायची, बाई म्हणतेत गाडीत बसला. घरोघर माझा भाऊ गाडीत बसला. डोळे मिटलेले असले तरी बाला ऐकू जात होतं, कारण शुक्रवारी उजाडताना तेच म्हणाले, "मनमाडला च्या घेतला असंल त्यानं."

"घेतला असेल, बा."

सकाळी दहाच्या सुमाराला मी सांगितलं, जालना आलं. तिथून पुढं बाला माझी गरज उरली नाही. तो त्यांचा रस्ता होता. त्यांनी डोळे न उघडता सुरुवात केली. आवाज एवढा बारीक होता की मला कान तोंडाजवळ न्यावा लागला. स्टँडाबाहेर निघाला. पह्यला दगड. दुसरा, चिंचेखाली, त्याचा टवका गेल्ता, म्या सिमेंट लावलं. तिसऱ्यापाशी मोरी. प्रत्येक दगडाला काहीतरी होतं, कुठं विहीर, कुठं मुकादमाशी झालेलं भांडण, कुठं चाचानं मारलेला साप. मधे दम लागायचा, थांबायचे, मग पुढच्या दगडावरून पुन्हा सुरू. माय पायाशी बसून तळवे चोळत होती. ती म्हणाली, "घेऊन या, घेऊन या त्याला."

चौदाव्या दगडावर ते थांबले. मला वाटलं, दम लागला. मी वाट बघितली. राजूर अजून पुढं होतं, तिथून आमच्या गावाकडं वळायचं होतं. मी म्हणालेसुद्धा, "पंधरावा, बा." मग मायनं त्यांच्या पायावरचे हात उचलले आणि मला कळलं.

मला रडू आलं नाही. मी घड्याळ बघितलं. एसटी यायला अजून सव्वा तास होता.

वस्तीतली म्हातारी माणसं जमली. आमच्याकडं माती लांबवत नाहीत, आणि उन्हाळा होता. पण सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. वस्तीतले सगळ्यात मोठे आजोबा होते, छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर ज्यांनी सगळ्या वस्तीला त्रिशरण शिकवलं, ते म्हणाले, "तूच सांग बाई. तुला अंतर माहिती हाये. किती थांबायचं?"

"येईल आता," मी म्हणाले. "दुपारच्या एसटीला."

दुपारची एसटी आली. चाचा स्टँडावरून एकटेच परत आले. मग संध्याकाळची आली. रात्रभर बाच्या भोवती लिंबाचा पाला घालून आम्ही बसून राहिलो. मधेच कुणीतरी उठून रस्त्यापर्यंत जाऊन यायचं.  सकाळच्या पहिल्या एसटीतून कोंबडी काखोटीला मारलेली एक बाई आणि शेजारच्या गावचे पोस्टमन उतरले. आजोबा पुन्हा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आता किती, बाई?"

 पाटी संपली होती. शनिवारी ऊन चढायच्या आत बाची माती झाली. त्रिशरण-पंचशील म्हणताना माझा आवाज सगळ्यांबरोबर नीट लागत होता, तोही माझ्या लक्षात आहे.

जलदान विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ आला. दुपारच्या एसटीनं, जी मी सांगितली होती तीच, फक्त आठवडा उलटून गेला होता. हातावर कोट, डोळे सुजलेले. जालन्याच्या स्टँडावरच गावाकडच्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं. तो दारापर्यंत आला आणि आत न येता दगडावर बसला. मायनं पाणी आणून दिलं. ते त्यानं हातात धरून ठेवलं.

झालं होतं ते असं. अभ्यासाला शांतता हवी म्हणून परीक्षेपुरता तो एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला होता. आमची तार जुन्या पत्त्यावर बुधवारी बरोबर पोचली. घरमालकिणीनं ती बाकीच्या टपालाबरोबर फळीवर ठेवून दिली. तो शेवटचा पेपर देऊन कपडे न्यायला गेला तेव्हा ती त्याच्या हाती पडली. त्याच रात्री विमानतळावर जाऊन बसला, दुसऱ्या दिवशी जागा मिळाली.

"पेपर कसे गेले?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे, आणि देव तर आम्ही सोडलेले.

"चांगले गेले."

म्हणजे मी जे ठरवलं होतं ते सगळं तसंच झालं होतं. परीक्षेत व्यत्यय आला नाही. जीव टांगणीला लागला नाही. तार बुधवारी पोचली. अंतरही चुकलेलं नव्हतं. अलीकडे भावाच्या नातीनं मोबाइलवर मुंबई आणि लंडन टाकून दाखवलं, विमानानं किती किलोमीटर, किती तास, सगळं क्षणात. माझा दोरा थोडाफारच इकडं तिकडं होता. ती म्हणाली, आजी, तू किती हुशार होतीस. मी चष्मा पुसत बसले.

त्या दुपारी भावानं हातातलं पाणी तसंच खाली ठेवलं. मग उठून दगडाकडं वळला. आपण कशावर बसलो होतो ते त्याला तेव्हा दिसलं. 'लंडन'चं अक्षर वेडंवाकडं, आकडे मात्र सरकारी. त्यानं त्यावरून बोट फिरवलं. रंग वाळलेला होता, तरी त्यानं बोट बघितलं.

"बाची छाती कव्हापासून धरली होती?" त्यानं मायला विचारलं.

माझ्याकडं न बघता मायनं सांगितलं, "डॉक्टरनं सांगून महिना होत आला."

तो माझ्याकडं वळला. मी दाराची चौकट धरली.

"आक्का," तो म्हणाला, "अकरा तासावर होतो म्या. फक्त अकरा तासावर. आधी कामून न्हाई बोलावलं?"

"अकरा तासांवर होतास म्हणूनच," मी म्हणाले.